उघडून बघता येणारा ट्रॅकबॉल

शाळेच्या संगणक कक्षातले जुने माऊस आठवतात का? पोटात रबरी गोळा असायचा. मुलं तो काढून खेळायला न्यायची आणि दुसऱ्या दिवशी निम्मे माऊस बंद! ट्रॅकबॉल म्हणजे तोच माऊस उलटा करून टेबलावर ठेवलाय असं समजा. गोळा वर, बोटांखाली. माऊस जागचा हलत नाही, आपण गोळा फिरवायचा आणि पडद्यावरचा बाण सरकतो.

ही कल्पना माऊसपेक्षाही जुनी आहे बरं का. ब्रिटिश नौदलासाठी राल्फ बेंजामिन यांनी १९४६ मध्ये असा गोळा तयार केला होता. पुढे १९५२ च्या सुमारास कॅनडाच्या नौदलाच्या ‘डेटार’ प्रकल्पात तर चक्क बोलिंगच्या खेळातला चेंडू वापरला. मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात.

आता मुद्द्याचं. निकालपत्रकं, हजेरी, ऑनलाइन माहिती भरणं यात आपला उजवा हात दिवसभर माऊस ढकलत असतो. माझं मनगट एप्रिलमध्ये हमखास दुखायचं, म्हणून मी ट्रॅकबॉल शोधू लागले. दोन प्रकार दिसले: अंगठ्याने फिरवायचे आणि बोटांनी फिरवायचे. अंगठ्याचा मी लगेच बाद केला. मोबाइलवर टाइप करून अंगठा आधीच थकलेला असतो, त्याला आणखी एक काम कशाला? (ट्रॅकबॉल हे औषध नाही हेही सांगते. बोटं बधीर होत असतील तर आधी डॉक्टरांकडे जा.)

शेवटी कॅनडातल्या ‘प्लूपी’ या छोट्या कंपनीचा ‘अ‍ॅडेप्ट’ घेतला. साधारण ४४ मिलिमीटरचा गोळा आणि भोवती सहा बटणं. स्क्रोल करायचं चाक नाही. एका बटणाला ते काम लावायचं, मग गोळा फिरवला की पान वर-खाली जातं. पहिला आठवडा फार चिडचिड झाली. एक्सेलमधली एक चौकट निवडायची तर तीन चौकटी पुढे! दोन आठवड्यांनी हात बसला.

तो ‘ओपन सोर्स’ आहे, म्हणजे काय? कवचाचे आराखडे, आतल्या सर्किटची रचना, चालवणारा प्रोग्रॅम, सगळं इंटरनेटवर खुलं आहे. कुणीही उतरवून घ्यावं, बदलावं. कवच थ्रीडी प्रिंटरवर छापलेलं असतं, हात फिरवला तर थरांच्या बारीक रेघा लागतात. दुकानातल्या गुळगुळीत वस्तूंची सवय असलेल्यांना हे ओबडधोबड वाटेल. मला आवडतं, कारण ती वस्तू कशी बनली ते तिच्या अंगावर दिसतं.

आणि याचा उपयोग झाला. वर्गात दाखवताना तो एका मुलाच्या हातून पडला आणि एका बटणाची कड तुटली. पोरगा रडवेला झाला. एरवी नवा माऊस घ्यावा लागला असता. इथे फक्त त्या बटणाची फाइल घेतली आणि जवळच्या एका शाळेतल्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये छापून आणली. त्यांच्याकडे त्या दिवशी केशरी प्लास्टिक होतं, म्हणून माझ्या काळ्या ट्रॅकबॉलला आता एक केशरी बटण आहे. स्क्रू त्या पोरानेच आवळले. ‘बाई, हे आपण केलं?’ असं त्याने दोनदा विचारलं.

आत आरपी२०४० ही चिप आहे, रास्पबेरी पायवाल्यांची. प्रोग्रॅम ‘क्यूएमके’ नावाचा. ‘व्हाया’ नावाचं पान क्रोममध्ये उघडून कोणत्या बटणाने काय व्हावं ते ठरवता येतं आणि ते ट्रॅकबॉलच्याच स्मृतीत राहतं. म्हणून शाळेच्या संगणकावर काही इन्स्टॉल करायची परवानगी नसली तरी अडत नाही. मी एका बटणाला कॉपी आणि दुसऱ्याला पेस्ट दिलंय. गुण भरताना काय सुख मिळतं ते तुम्हाला कळेलच!

सांभाळायला मात्र लागतो. गोळा छोट्या बेअरिंगवर टेकतो, तिथे हाताचा मळ आणि खडूची धूळ जमते, मग गोळा अडखळतो. दर शनिवारी गोळा उचलायचा, कोरड्या कापडाने पुसायचा, बेअरिंगवर कापसाची काडी फिरवायची, दोन मिनिटांचं काम. फिरताना बारीक खरखर ऐकू येते, शांत खोलीत जरा जास्तच.

सगळ्यांनी घ्यावा असं मी म्हणणार नाही. परदेशातून मागवायचा तर टपालखर्च आणि कस्टम ड्यूटी धरून तो साध्या माऊसच्या कितीतरी पट महाग पडतो. आराखडे फुकट आहेत म्हणून सगळं घरी बनवायला निघाल तर सेन्सरची पट्टी सोल्डर करणं नवख्याचं काम नाही. स्क्रूड्रायव्हर हातात धरायची हौस नसेल तर दुकानातला कुठलाही ट्रॅकबॉल मनगटाला तेवढाच बरा.

घरात डावखुरं मूल असेल त्या पालकांनी मात्र याचा विचार करावा. बाजारातले बरेच ट्रॅकबॉल उजव्या हाताच्या आकाराचे असतात, हा दोन्हीकडून सारखा आहे. आमच्या सातवीतल्या एका डावखुऱ्या मुलीसाठी व्हायामध्ये बटणांची अदलाबदल केली, पाच मिनिटं लागली. आता चित्रकलेच्या प्रोग्रॅमवर बसायचं असलं की ती आधी माझ्या टेबलाकडे येते.