कच्चंच हवं!

फ्रान्समधल्या नीस शहराचं सॅलड, म्हणजे ‘सालाद निस्वाज’, जगभरच्या हॉटेलांत मिळतं. बशीत उकडलेले बटाटे असतात, उकडलेली फरसबी असते आणि वर डब्यातला ट्यूना. खुद्द नीसमध्ये अनेक घरांत या बशीला नाक मुरडतील. तिथे चुलीवर चढतं ते फक्त अंडं. बाकी सगळं कच्चं, बाजारातून आणलेलं आणि नुसतं चिरलेलं.

झाक मेदसँ १९६६ ते १९९० या काळात नीसचे महापौर होते. १९७२ साली त्यांनी आपल्या मुलखाच्या स्वयंपाकावर पुस्तक लिहिलं आणि त्यात बजावून ठेवलं, की या सॅलडमध्ये उकडलेला बटाटा किंवा दुसरी कुठलीही उकडलेली भाजी घालायची नाही. बटाटा घालणारे मात्र परके नव्हते. थोर बल्लवाचार्य ओग्यूस्त एस्कोफिए १८४६ मध्ये नीसच्या जवळच, विलनव-लुबे गावी जन्मले, आणि त्यांच्या १९०३ च्या ग्रंथातल्या निस्वाजमध्ये फरसबी आणि बटाटा दोन्ही आहेत. घरी करणाऱ्यानं तरी मेदसँचंच ऐकावं. चव तिथे आहे.

सगळी मदार टोमॅटोवर. तो उन्हात पिकलेला, घट्ट आणि लालबुंद हवा. फ्रिजमधला गारढोण टोमॅटो इथे कामाचा नाही. त्याच्या चार-चार फोडी करायच्या आणि मीठ लावून ठेवायच्या. मेदसँ तर तीनदा मीठ लावायला सांगतात. काकडीच्या कोशिंबिरीला ज्या सुटलेल्या पाण्याची धास्ती, तेच इथे हवंसं असतं: फोडींचं जास्तीचं पाणी निथळून जातं आणि मागे दाट, गोडसर गर उरतो. तोवर लाकडी वाडग्याला आतून लसणाची पाकळी चोळून घ्यावी.

मग काकडी, हिरवी ढोबळी मिरची, पातीचा कांदा, फावा शेंगांचे कोवळे दाणे आणि मिळालंच तर कोवळं आर्टिचोक, पातळ कापलेलं. वर नीसच्या आसपास पिकणारे बारके काळे ऑलिव्ह. मासा एकच, अँकोव्ही किंवा ट्यूना. ट्यूना पूर्वी महाग, त्यामुळे घरोघरी खारवलेली अँकोव्हीच असे. आपल्या मांदेलीच्याच कुळातला हा बोटभर मासा; त्याचा खारटपणा साऱ्या वाडग्याला पुरतो. बेसिलची पानं हातानं तोडून टाकावीत (आपला सब्जा म्हणजे याच झाडाचं बी). शेवटी ऑलिव्हचं तेल, सढळ हातानं. व्हिनेगर नकोच, टोमॅटोचा आंबटपणा पुरेसा आहे.

वाडग्यात उरलं, तरी फुकट जात नाही. नीसमध्ये हेच सारण गोल पावात भरतात आणि त्याला ‘पान बान्या’ म्हणतात. पाव आडवा कापून आतून तेलानं भिजवायचा, सॅलड भरायचं, वरून दाबायचं आणि थोडा वेळ तसाच ठेवायचा. टोमॅटोचा रस पावात पुरता मुरला, की समुद्रावर जायच्या पिशवीत हा डबा तयार!