तेरा तोळ्यांची पावली

आमच्या आजीच्या हिशोबात चांदी दोन प्रकारची. एक अंगावरची आणि दुसरी डब्यातली. अंगावरची म्हणजे जोडवी, पैंजण वगैरे. डब्यातली म्हणजे 'राणी छाप'. व्हिक्टोरिया राणीचं तोंड असलेले जुने रुपये. असे चाळीस रुपये एका पितळी डब्यात, डबा जुन्या नऊवारीच्या तुकड्यात बांधलेला आणि ते गाठोडं माळ्यावर. मी लहान असताना दसऱ्याला तो डबा खाली यायचा, पूजा व्हायची, आजी एकेक रुपया बोटांनी चाचपून मोजायची आणि डबा परत वर. मला एखादं नाणं हातात मिळायचं ते फक्त दोन मिनिटं.

"आजी, हे दुकानात चालतं का गं?"

"चालत नाही, उभं राहतं," आजी म्हणायची. तेव्हा काही कळलं नव्हतं.

असो. आज लिहायचंय ते माझ्या नाण्यांबद्दल. म्हणजे चार महिन्यांपूर्वीपर्यंत जी माझी होती त्यांच्याबद्दल.

तर झालं असं की कंपनीने मला चौदा महिन्यांसाठी ऑनसाइट पाठवलं, अमेरिकेत डेलावेअर राज्यात. डेलावेअर म्हटल्यावर घरच्यांनी नकाशात शोधलं आणि बाबा म्हणाले, "एवढंसंच आहे की रे!" खरंच एवढंसंच आहे. तिथे बघण्यासारखं काय, असं नेटवर शोधत असताना एक नाव समोर आलं आणि मी खुर्चीत सरळ बसलो. 'बॉम्बे हुक'.

बदलापूरहून रोज लोकलला लटकून मुंबई गाठलेला माणूस हे नाव वाचून स्वस्थ बसेल काय? पुढच्याच शनिवारी रूममेटला गाडी काढायला लावली. मनात म्हटलं, कुणीतरी मुंबईचा खलाशी इथे येऊन पोचला असणार, मस्त स्टोरी असणार. पण कसचं काय! बॉम्बेचा आणि या बॉम्बेचा काडीचाही संबंध नाही. डच लोक या भागाला 'बोम्पीस हूक' म्हणायचे, म्हणजे लहान झाडांचं टोक. त्याचा अपभ्रंश होत होत 'बॉम्बे हुक' झालं. तिथे नोंद आहे की १६७९ साली मेकॅकसेट नावाच्या तिथल्या मूळ रहिवाशांच्या प्रमुखाने ही दलदलीची जमीन पीटर बेयार्ड नावाच्या डच माणसाला विकली. किंमत किती? एक बंदूक, चार मुठी दारूगोळ्याची पूड, तीन जाकिटं, पिण्याच्या दारूचं एक पिंप आणि एक किटली. आमच्याकडे बिल्डरने जमिनी कशा घेतल्या याच्या गोष्टी ऐकत मोठा झाल्यामुळे मला हे वाचून अजिबात आश्चर्य वाटलं नाही :-)

१९३७ पासून तिथे पक्ष्यांचं अभयारण्य आहे. भरतीचं खारं पाणी आत-बाहेर करणारी दलदल, मैलोन् मैल गवत आणि त्यात उभे बगळे. आपल्याकडे उल्हास नदीच्या काठाला दिसतात ना, तसेच. पांढरे, लांब मानेचे, एका पायावर ध्यान लावलेले. परदेशात आल्यावर सहा महिन्यांनी पहिल्यांदा ओळखीचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं.

परत येताना एका गावात नाण्यांचं दुकान दिसलं. सहज आत शिरलो. काचेखाली बशीएवढं एक नाणं होतं. त्यावर पुढे करडा-निळा मोठा बगळा, मागे पांढरा बगळा आणि वर लिहिलेलं 'बॉम्बे हुक'. मी दुकानदाराला म्हटलं, मी आत्ता तिथूनच येतोय. त्याने नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं आणि हात चक्क खाली गेला. इतकं जड.

आता थोडी माहिती. अमेरिकेने २००८ साली एक कायदा केला. प्रत्येक राज्यातलं एक राष्ट्रीय उद्यान किंवा तसं महत्त्वाचं ठिकाण निवडायचं आणि ते पाव डॉलरच्या नाण्यावर घ्यायचं. ५० राज्यं, राजधानीचा जिल्हा आणि ५ प्रदेश मिळून ५६ नाणी. २०१० ते २०२० दर वर्षी पाच आणि २०२१ मध्ये शेवटचं एक. पहिलं आर्कान्साच्या हॉट स्प्रिंग्जचं, शेवटचं अलाबामातल्या टस्कीगी एअरमेनचं. सगळीच काही राष्ट्रीय उद्यानं नाहीत. कुठे रणांगण आहे, कुठे किल्ला, कुठे जंगल, तर डेलावेअरच्या वाट्याला बगळे. ही नाणी रोजच्या वापरातही आली. पण त्याच कायद्याने त्यांची एक थोरली भावंडंही काढायला लावली. तेच चित्र, पण व्यास ३ इंच, ९९९ शुद्धतेची चांदी आणि वजन पाच ट्रॉय औंस. म्हणजे १५५.५ ग्रॅम.

गंमत म्हणजे या थोरल्या नाण्यावरही 'क्वार्टर डॉलर' असंच छापलंय. कायद्याने त्याची किंमत पंचवीस सेंट! आपल्या जुन्या भाषेत पावली. मी तिथल्या तिथे मोबाइलवर हिशोब केला. आजीचा राणी छाप रुपया एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम. म्हणजे ही पावली झाली तेरा तोळ्यांची आणि वर थोडी.

२०१० साली ही मोठी नाणी निघाली तेव्हा प्रत्येक चित्राची फक्त ३३,००० नाणी होती. ती टाकसाळ लोकांना थेट विकत नव्हती, ठरावीक घाऊक व्यापाऱ्यांमार्फत जायची. मागणी इतकी की किमती भडकायला लागल्या आणि टाकसाळीला डिसेंबरात मध्ये पडून नफ्यावर मर्यादा आणि घरटी प्रत्येक चित्राचं एकच नाणं असा नियम घालावा लागला. रेशनवरची चांदी! मी घेतली तोपर्यंत तो सगळा जोर ओसरला होता.

त्या दिवशी बॉम्बे हुक घेतलं. मग चटक लागली. पण स्वतःला एक नियम घातला, की जिथे पाय लागतील तिथलंच नाणं घ्यायचं. लाँग वीकएंडला शेनंडोआला गेलो आणि ते नाणं घेतलं, त्यावर कड्यावर उभा राहून दरी बघणारा एक भटक्या आहे. थंडी सुरू व्हायच्या आत अकेडियाला जाऊन आलो, त्याच्या नाण्यावर खडकाळ किनाऱ्यावरचं दीपगृह. नाताळच्या सुट्टीत एव्हरग्लेड्स, त्याच्यावर पंख पसरून वाळवत बसलेला सापमान्या आणि चमच्यासारख्या चोचीचा पक्षी. आणि निघायच्या आधी, पैसे साठवून, यलोस्टोन. १८७२ मध्ये जाहीर झालेलं जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. नाण्यावर ओल्ड फेथफुल हा गरम पाण्याचा फवारा आणि पुढे गवा. अशी पाच नाणी. ७७७ ग्रॅम. मुंबईला उतरल्यावर रेड चॅनलमध्ये जाऊन जाहीर केली आणि ड्युटी भरली. कस्टमवाल्या साहेबांनी एक नाणं उलटसुलट करून विचारलं, "हे पेपरवेट आहे का?"

घरी हेंद्रेपाड्यात पोचल्यावर जेवणं झाली आणि मी नाणी मांडली. आई म्हणाली, छान आहेत. बाबांनी चष्मा लावून 'क्वार्टर डॉलर' वाचलं आणि म्हणाले, "पंचवीस सेंटसाठी एवढे पैसे दिलेस?"

मी त्यांना नाणेशास्त्र समजावण्याचा प्रयत्न केला. आपल्याकडेही प्रोजेक्ट टायगरला पन्नास वर्षं झाली तेव्हा ९ एप्रिल २०२३ ला म्हैसूरमध्ये पन्नास रुपयांचं स्मृतिनाणं निघालं, ते सांगितलं. महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत, त्यांचा असा सेट निघाला तर काय बहार येईल! ताडोबाच्या नाण्यावर अर्थातच वाघ, पण सोबत ज्याच्या नावावरून ताडोबा झालं तो तारू देवही हवा. बोरिवलीवर कान्हेरीची लेणी, चांदोलीवर प्रचितगड, नवेगाववर तलाव. पेंच आणि गुगामलचं अजून ठरायचं होतं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि हे अडीनडीला उपयोगी पडतं का?"

मी म्हटलं, "बाबा, हे कलेक्शन आहे. कलेक्शन विकायचं नसतं."

ते काही बोलले नाहीत. त्यांची नजर माळ्याकडे गेली, एवढं मला आठवतंय.

आता २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो आकडा सगळ्यांना पाठ आहे. उल्हास नदीचं मात्र आमच्याकडच्या लोकांनाच आठवतं. आमचं घर तळमजल्यावर. मी तेव्हा आठ वर्षांचा. आधी मोरीतून पाणी उलटं आलं, मग उंबऱ्यावरून आणि तासाभरात कॉट तरंगायला लागली. बाबांनी मला खांद्यावर घेऊन वरच्या शेजाऱ्यांकडे सोडलं. आजी मागून आली, कमरेएवढ्या पाण्यातून, डोक्यावर ते गाठोडं धरून. बाकी काही नाही. गाद्या, शेगडी, धान्य, माझी दुसरीची पुस्तकं, फोटोंचे अल्बम, सगळं खाली राहिलं.

चौथ्या दिवशी आजीने गाठोडं बाबांच्या हातात दिलं. "जा, घेऊन ये काय लागेल ते." बाबा सराफाकडे गेले. संध्याकाळी शेगडी आली, दोन गाद्या आल्या, माझं दप्तर आलं. डब्यात एकच रुपया उरला होता. तो आजीने आठवणीसाठी ठेवला असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. आजी गेली, डबा माळ्यावरच राहिला.

त्यानंतरही पाणी आलंच. २०१९ मध्ये २७ जुलैला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारावर प्रवाशांसह पाण्यात अडकली, ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. आम्ही तेव्हा सामान कॉटवर आणि कॉट विटांवर चढवत होतो. दर जुलैत आईची झोप उडते. रात्री दोनला उठून मोरीत डोकावून येते. तिला वाटतं आम्हाला कळत नाही.

म्हणून गेल्या वर्षी ठरवलं, की आता बस्स. स्टेशनच्या जवळ उंचावरच्या भागात दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बघितला. लोन मंजूर झालं. स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन आणि आपल्या वाट्याची रक्कम धरून लाखभर कमी पडत होते. नेमकं त्याच वेळी, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये, चांदीने किलोला दीड लाखाचा आकडा ओलांडला. ऑफिसमध्ये सगळे चांदीच्याच गप्पा मारत होते. मी एक्सेल उघडली. ०.७७७ गुणिले दीड लाख. उत्तर समोर होतं, एक लाख सोळा हजार. मी एक्सेल बंद केली. पर्सनल लोनचे दर बघितले. मित्रांची यादी केली. दोन दिवस असेच काढले.

बाबांना सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं असावं. रविवारी सकाळी म्हणाले, "चल, मी येतो बरोबर."

सराफाने नाणी मशीनखाली तपासली. शुद्धता ठीक निघाली. मी म्हटलं, ही यलोस्टोनची, याच चित्राची फक्त ३३,००० निघाली होती. तो अगदी सभ्यपणे म्हणाला, "साहेब, मला ती वितळवायचीच आहेत." अमेरिकेत एखाद्या शौकिनाने चार पैसे जास्त दिले असते, पण इथे त्याला गिऱ्हाईक कुठून आणणार? काट्यावर यलोस्टोन चढलं, मग एव्हरग्लेड्स, मग अकेडिया, मग शेनंडोआ. काट्यावर गवा, सापमान्या, दीपगृह काही दिसत नाही, नुसते आकडे दिसतात.

पाचवं नाणं मी ठेवणार तेवढ्यात बाबांनी माझा हात धरला.

"हे राहू दे."

"बाबा, पैसे कमी पडतील."

"मी बघतो. एक ठेवायचं असतं."

येताना रिक्षात त्यांनी सांगितलं. २००५ मध्ये आजीने चाळीसच्या चाळीस रुपये दिले होते. एकही ठेवायला सांगितलं नव्हतं. ते सगळे तोलून झाल्यावर, हिशोब झाल्यावर, बाबांनी त्यातला एक परत मागून घेतला. त्याच्या पैशांत आजीच्या चपला यायच्या होत्या. पुरात वाहून गेल्या होत्या ना. ती पुढचा महिनाभर अनवाणी फिरली आणि डबा उघडल्यावर त्या रुपयाकडे बघून बाबांना एवढंच म्हणाली, "बरं केलंस."

मी म्हटलं, "मग मला कलेक्शनवरून का बोललात?"

"बोललो कुठे? अडीनडीला उपयोगी पडतं का एवढंच विचारलं."

खरं होतं. आजीचं 'उभं राहतं' मला त्या रिक्षात कळलं.

चार नाण्यांचे नव्वद हजारांच्या वर आले. उरलेले बाबांनी कुठून आणले ते विचारलं नाही. वाईट वाटलं का? वाटलं. यलोस्टोनचं जास्त. अजूनही कधी कधी ड्रॉवर उघडल्यावर हात चाचपतो. पण ती जागा मी पाहिली आहे, पाणी उसळताना पाहिलंय, ते काही वितळत नाही.

गेल्या महिन्यात नव्या घरात आलो. दुसरा मजला. खिडकीतून नदी दिसत नाही, आईला तेच आवडलं. सामान लावताना तो पितळी डबा निघाला. आता त्यात दोन नाणी आहेत, एक तोळ्याचा रुपया आणि तेरा तोळ्यांची पावली. राणीच्या शेजारी बॉम्बे हुकचे बगळे. मी आईला विचारलं, डबा कुठे ठेवू? टीव्हीखालच्या शोकेसमध्ये ठेवूया का, आता भीती कसली?

आई भांडी लावत होती. मागे वळून न बघताच म्हणाली, "वर ठेव. माळ्यावर."