पेरूची बाग आणि छर्ऱ्यांची बंदूक

हिंगोली जिल्ह्यातील आमच्या धर्मग्रामाच्या आवारात अर्ध्या एकराची बाग आहे. आमच्या आधीच्या धर्मगुरूंनी लावलेली पेरूची बारा झाडे, चार डाळिंबे, एक रामफळ, आणि उरलेल्या जागेत हंगामाप्रमाणे भुईमूग, वांगी, मेथी. बागेच्या मागे मुलांचे वसतिगृह. तेथे अठ्ठावीस मुले राहतात. त्यांतील बहुतेकांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. या मुलांच्या ताटात फळ म्हणून जे काही पडते ते याच बागेतले. ही गोष्ट प्रारंभीच सांगून ठेवतो, कारण पुढे आमच्या हातून जे घडले त्याचे समर्थन आम्ही पुष्कळ दिवस याच मुलांच्या नावाने करीत होतो.

2018 साली पावसाने दगा दिला आणि महाराष्ट्रातील 151 तालुक्यांत शासनाने दुष्काळ जाहीर केला. पुढच्या वर्षी फेब्रुवारीतच कयाधूच्या पात्रात वाळू दिसू लागली. त्याच सुमारास खारींनी बाग धरली. पेरू पिवळा पडायच्या आत त्यावर दातांच्या खुणा दिसत. एक फळ पूर्ण खाऊन दुसऱ्याकडे वळावे हा शिष्टाचार या प्राण्याला ठाऊक नाही. चार घास घ्यायचे आणि पुढच्या फांदीवर जायचे. पेरलेल्या भुईमुगाचे दाणे दुसऱ्या दिवशी उकरलेले. एवढ्यावर थांबते तर आम्ही सोसले असते. पण ठिबकच्या नळ्याही कुरतडल्या जाऊ लागल्या. सकाळी मोटार सुरू करावी तो बागेत दहा ठिकाणी कारंजी उडत. ज्या वर्षी पिण्याचे पाणी टँकरने आणावे लागले त्या वर्षी हे दृश्य पाहून आमच्या तोंडून जे शब्द निघत ते येथे लिहिण्याजोगे नाहीत.

आमचा एक पुतण्या कॅलिफोर्नियात असतो. दूरध्वनीवर त्याच्याजवळ गाऱ्हाणे मांडले, तेव्हा तो म्हणाला, “काका, इकडे शेतकरी एअर रायफलने खारी मारतात आणि कायदाही आड येत नाही.” हे खरे आहे. मात्र तिकडची ती खार जमिनीत बिळे करून राहते, बागांची मुळे आणि पाण्याचे बांध पोखरते. आमच्या निंबावर चिकचिक करणारी, पाठीवर पाच पट्टे मिरवणारी खार तिची दूरची नातेवाईक. झाडावर नाहीतर वळचणीला घरटे करते, आणि फळांबरोबर किडे-अळ्याही खाते. इतका विचार तेव्हा कोण करतो? तिकडचा उपाय आम्ही इकडच्या दुखण्याला लावला.

बंदूक मिळणेही कठीण नव्हते. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार 4.5 मिलिमीटरपेक्षा अधिक व्यासाची नळी किंवा 20 ज्यूलपेक्षा अधिक जोर असेल तरच हवेच्या बंदुकीला परवाना लागतो. त्याच्या आतली बंदूक ओळखपत्राची प्रत देऊन दुकानात मिळते. तशी एक आम्ही आणली, आणि छर्ऱ्यांच्या दोन डब्या. हिंगोलीच्या दसऱ्याच्या प्रदर्शनात फुगे फोडण्यासाठी जी असते, तिचीच थोरली बहीण म्हणा.

पहिल्या पंधरा दिवसांत पाच खारी पडल्या. खरे सांगायचे तर नेम बरोबर लागल्याचा आम्हांला आनंद होत असे. संध्याकाळच्या प्रार्थनेआधी बागेत उभे राहायचे, मागे मुलांचा घोळका श्वास रोखून उभा, आणि छर्रा लागला की टाळ्या. स्वयंपाकाच्या मावशी एकदा म्हणाल्या, “फादर, रामानं पाठीवर हात फिरवलेला जीव हाय तो. नका मारू.” आम्ही हसून उत्तर दिले, “मावशी, त्या खारीने सेतू बांधला, आपल्या खारी ठिबक तोडतात.” मावशी हसल्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी आम्हांला न विचारता ताट वाढले आणि त्या आत निघून गेल्या. बागेतले नुकसान मात्र होते तेवढेच राहिले. मेलेल्या पाचांची जागा आठ दिवसांत दुसऱ्या पाचांनी घेतली.

सहावी खार पडली नाही. छर्रा तिच्या पोटाला लागला असावा. ती खोडावरून घसरली, सावरली, आणि भिंतीवरून चर्चच्या कौलांखाली शिरली. एवढ्याशा छर्ऱ्याचे हेच आहे. मर्मावर बसला तर जीव जातो, नाहीतर जनावर जखम घेऊन कोठेतरी लपते. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी वळचणीतून बारीक चिरचिर ऐकू येत होती. सकाळी मिस्सा अर्पण करतानाही ती थांबली नव्हती. पुढच्या बाकांवरची मुले वर पाहत होती. तिसऱ्या दिवशी आवाज बंद झाला. माळीमामांनी शिडी लावली आणि घरटे खाली काढले. कापूस, गोणपाटाचे दोरे, वेदीच्या जुन्या कापडाच्या चिंध्या, त्यांत तीन पिले. डोळेही उघडले नव्हते. या प्राण्याची पिले आंधळीच जन्मतात आणि कित्येक आठवडे आईच्या दुधावर राहतात. आई त्यांच्याशेजारीच होती.

आम्ही बंदूक कपाटात ठेवली. पण गोष्ट आमच्यापुरती राहिलेली नव्हती. त्याच आठवड्यात सहावीतला एक मुलगा धावत आला. त्याच्या एका हातात सायकलच्या ट्यूबची गलोल, दुसऱ्या हातात बुलबुल. मान लोंबलेली, शेपटीखालचा लाल ठिपका तेवढा ताजा. “फादर, म्या मारला!” त्याचा चेहरा असा फुलला होता, की आम्हांला क्षणभर काही बोलता येईना. शेवटी विचारले, “का रे मारलास?” तो गोंधळला. म्हणाला, “तो पण पेरू खातो ना, फादर.”

त्याला रागावण्याचा अधिकार आम्ही केव्हाच गमावला होता. तो आमचेच वाक्य आम्हांला परत देत होता.

रात्री झोप आली नाही. पक्षितज्ज्ञ सलीम अलींची गोष्ट आठवत होती. मुंबईत राहणाऱ्या या मुलाने 1908 साली खेळातल्या एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला म्हणून ती घेऊन तो मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथील सचिव मिलार्ड यांनी त्याला पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कपाट उघडून दाखवले, आणि त्या मुलाचे आयुष्य बदलले. आपल्या आत्मचरित्राला त्यांनी ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ असे नाव दिले. ते 1985 साली निघाले. आपल्या पित्याच्या नकळत एकही चिमणी भूमीवर पडत नाही, हे मत्तयाच्या शुभवर्तमानातले वचन आम्ही किती वेळा समजावून सांगितले असेल! मिलार्ड यांच्याजवळ त्या मुलाला दाखवायला एक कपाट होते. आमच्याजवळ कपाट होते, पण त्यात बंदूक होती.

दुसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणानंतर आम्ही मुलांना सांगितले की ज्याच्याजवळ गलोल असेल त्याने ती आणून द्यावी, शिक्षा होणार नाही. एक, दोन, चार करता अकरा गलोली व्हरांड्यात जमल्या. दोन महिन्यांपूर्वी वसतिगृहात एकही नव्हती. मग एका लहानग्याने विचारले, “फादर, तुमची?” आम्ही आत गेलो आणि बंदूक आणून त्या ढिगावर ठेवली. पुढे 2021 च्या मार्चमध्ये अरुणाचल प्रदेशात लोकांनी आपापल्या एअरगन शासनाच्या स्वाधीन करण्याची मोहीम सुरू केल्याचे वाचले, तेव्हा आम्हांला तो व्हरांडा आठवला.

वन खात्यातून निवृत्त झालेले आमचे एक स्नेही आहेत. त्यांना सारे सांगितले तेव्हा ते गंभीर झाले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत त्या वेळी या खारीचे नाव होते. उंदीर, घूस, कावळा यांना उपद्रवी ठरवणारी अनुसूची निराळी. खार तीत नव्हती. तिची शिकार म्हणजे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पंचवीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बंदुकीला परवाना लागत नाही, म्हणून तिने काहीही मारावे असे नाही. हा साधा भेद आमच्यासारख्या शिकलेल्या माणसाला सुचला नव्हता. उभ्या पिकाची नासाडी होत असेल तर वन अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतात, अशीही त्या कायद्यात तरतूद आहे. आमच्या जिल्ह्यातील शेतकरी रोही आणि रानडुकरांपायी रात्रभर मचाणावर जागतात. एका रात्रीत त्यांचा हरभरा जातो. त्यांना उपदेश करण्याची आमची पात्रता नाही. आमचे नुकसान बारा झाडांचे होते.

ठिबकचे कोडे सोडवले ते माळीमामांनी. “फादर, नळ्या बगा, जिथं खोलगट हाय तिथंच तोडत्यात. मोटार बंद झाली की पाणी तिथंच ऱ्हातंय.” कोठेही ओल उरली नव्हती आणि खारींना ती नळीत सापडली होती. मामांनी झाडांखाली मातीचे सहा परळ ठेवले. सकाळ-संध्याकाळ पाणी भरण्याचे काम मुलांकडे दिले. जुनी भोके बुजवायला रबर हवे होते. अकरा गलोलींच्या पट्ट्या तेथे कामी आल्या, आणि बुलबुल मारणारा मुलगा गाठी बांधण्यात सर्वांत तरबेज निघाला. बंदुकीची नळी लोहाराकडून वाकवून घेतली. तिचे आता फाटकाचे कडे झाले आहे.

नळ्या कुरतडणे त्या उन्हाळ्यात जवळजवळ थांबले. भुईमुगाच्या वाफ्यांवर उगवण होईपर्यंत बाभळीच्या काट्या पसरतो. पेरूंना कापडी पिशव्या बांधतो, एकट्या उभ्या झाडांच्या खोडांना पत्रा गुंडाळतो. निंबाजवळच्या तीन झाडांना पत्र्याचा उपयोग नाही, तेथे त्या वरून उड्या मारतात. दहा पेरूंतले तीन अजूनही जातात. मावशींना हेही पटत नाही. ज्यांनी खारींची बाजू घेतली त्याच मावशी आता अर्धा खाल्लेला पेरू आणून आमच्या टेबलावर ठेवतात, आणि काही न बोलता स्वयंपाकघरात जातात.