ताकदीच्या गोळ्या आणि डॉक्टरांचे विचारणे

नेहमीच्या जेवणाखेरीज गोळी, पावडर किंवा पातळ द्रावणाच्या रूपात घेतली जाणारी जीवनसत्त्वे, खनिजे, प्रथिने व वनस्पतींचे अर्क यांना पूरक आहार म्हटले जाते. घरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात हा विषय बहुधा रुग्ण उठता उठता निघतो, आणि पुष्कळदा निघतच नाही. ‘कोणती औषधे चालू आहेत?’ या प्रश्नाला रुग्ण रक्तदाबाची आणि मधुमेहाची गोळी सांगतो. कपाटातील कॅल्शियमचा डबा त्याच्या उत्तरात येत नाही. हे लपवणे नव्हे. कायदाही ही उत्पादने अन्नातच धरतो. २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याखाली २०१६ साली झालेल्या विनियमांनुसार ती औषधी वापरासाठी नाहीत असे वेष्टनावर छापावे लागते आणि ती घ्यायला डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. जे चिठ्ठीविना येते ते डॉक्टरांना सांगायचे कशाला, हा रुग्णाचा हिशेब मुळीच अडाणीपणाचा नाही.

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी दीर्घकाळ व्यवसाय केलेल्या प्रस्तुत लेखिकेने अनुभवान्ती आपला प्रश्न बदलला. ‘ताकदीसाठी, केसांसाठी, गुडघ्यांसाठी काही घेता का, आणि ते कुणी दिलं?’ असे विचारले, आणि पुढच्या वेळी घरातले सगळे पिशवीत घालून आणायला सांगितले, की माहिती येऊ लागते. थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईड ग्रंथीतील संप्रेरकाची उणीव भरून काढणारी, गोळी घेणाऱ्या एका आजींचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. मात्रा वाढवूनही त्यांचे टीएसएच, म्हणजे ही ग्रंथी कमी काम करू लागली की रक्तात वाढणारे संप्रेरक, खाली येत नव्हते. पिशवी उघडल्यावर कळले, की सुनेने प्रेमाने आणून दिलेली कॅल्शियमची गोळी त्या थायरॉक्सिनबरोबरच सकाळी घेत होत्या. कॅल्शियम आतड्यात थायरॉक्सिनला बांधून ठेवते आणि त्याचे शोषण घटवते. म्हणून दोहोंत किमान चार तासांचे अंतर लागते. गोळी बंद न करता केवळ तिची वेळ रात्रीच्या जेवणानंतर नेल्यावर पुढील तपासणीत आकडा उतरला आणि सुनेचाही मान राहिला.

ड जीवनसत्त्वाच्या बाबतीत मात्र इतके सौम्य राहून चालत नाही. साठ हजार एककांची पुडी ठरावीक आठवडे, आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती रोज घेणारे किंवा मुदत संपल्यावरही महिनोन्‌महिने चालू ठेवणारे रुग्ण आढळतात. हे जीवनसत्त्व चरबीत साठते, त्यामुळे जादा मात्रा लवकर निघून जात नाही. रक्तातील कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठता, वारंवार लघवी आणि पुढे मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. केसांसाठी घेतलेले बायोटिन शरीराला फारसे बाधत नाही, पण काही प्रयोगशाळांच्या पद्धतींत थायरॉईडचे आकडे चुकीचे दाखवते, हेही रक्त देण्यापूर्वीच विचारून घ्यावे लागते.

वनौषधींविषयीचे बोलणे सर्वांत नाजूक असते, कारण तेथे श्रद्धा आणि घरातील वडीलधाऱ्यांचा शब्द गुंतलेला असतो. करोनाच्या साथीत घरोघरी गुळवेलीचा काढा झाला आणि २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांत यकृताला सूज आल्याचे नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला आक्षेप घेतला. वाद होता हे रुग्णाला सरळ सांगावे, आणि काविळीची लक्षणे दिसताच काढा थांबवून दाखवायला यावे, एवढे मागणे करावे. ‘हे सगळं फेकून द्या’ असे फर्मावणाऱ्या डॉक्टरांसमोर पिशवी पुन्हा उघडत नाही.

ज्यांना पूरक मात्रा खरोखर हवी असते, त्यांच्याशी मात्र सर्वांत कमी बोलले जाते, ही या व्यवहारातील अधिक गंभीर उणीव आहे. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्याचे बी-१२ घटू शकते, आणि तो शाकाहारी असेल तर धोका वाढतो. पायांच्या मुंग्या तो वयावर ढकलतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे, तरी गरोदर बाईच्या हातात लोहाच्या गोळ्या ठेवताना दोन वाक्येही खर्च होत नाहीत. शौचाला काळे झाले की ती घाबरते, पोट बिघडले की गोळ्या डब्यात राहतात, आणि विचारल्यावर ‘घेतेय’ म्हणते, कारण तिला बोलणी खायची नसतात. काळा रंग लोहाचाच आहे, गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर चांगली शोषली जाते, आणि मळमळ फारच झाली तर जेवणानंतर घेतली तरी चालेल, एवढे सासूला शेजारी बसवून सांगितले, तर पुढच्या महिन्यात ती आपणहून पुढच्या गोळ्या मागायला येते, असे लेखिकेने अनेकदा पाहिले आहे.