कीर्द चाळणाऱ्या क्वेरीस

प्रिय क्वेरी,

एका पतसंस्थेच्या काउंटरपाशी एक आजी पासबुक पुढे करून उभ्या होत्या आणि पडद्यावर चकती फिरत होती. ‘‘सिस्टीम स्लो आहे, आजी. बसा जरा.’’ त्या पतसंस्थेत सगळ्यांनी तुझ्यावर ठपका ठेवला होता, नवा सर्व्हर घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. तुझा प्लॅन मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचला आणि लाज वाटली. आम्ही तुझ्याकडून काय करवून घेत होतो!

मागणं एवढंसं: एका खात्याचे चालू आर्थिक वर्षातले व्यवहार, फार तर तीसेक नोंदी. व्यवहारांच्या टेबलात ओळी ४० लाख, जशा आल्या तशा एकीखाली एक. म्हणजे रोजकीर्दच. तीस नोंदींसाठी तू दर वेळी ती कीर्द पहिल्या पानापासून अखेरपर्यंत चाळत होतीस.

पेढीवरच्या मुनीमजींनी असं कधी केलं नसतं. कीर्द लिहून झाली की ते खतावणी करायला बसत. प्रत्येक खात्याचं वेगळं पान, त्यात तारखेवार नोंदी आणि शेजारी कीर्दीचा पान नंबर. गिऱ्हाईक दारात आलं की खतावणी उघडायची. तुला हवा असलेला इंडेक्स म्हणजे हीच खतावणी. आज बहुतेक डेटाबेस ती बी-ट्रीच्या रूपात ठेवतात. बोइंग कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करताना रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्रेट यांनी ही रचना मांडली. त्यांचा निबंध १९७२ साली प्रसिद्ध झाला. तिच्या एका पानात शेकडो किल्ल्या मावतात, म्हणून ४० लाख ओळींतली हवी ती नोंद साधारण तीन पायऱ्यांत हाती लागते.

आमच्या टेबलाला इंडेक्स नव्हता असंही नाही. तो ‘तारीख, खाते क्रमांक’ या क्रमानं केलेला होता. आधी तारीख लावली की खतावणीची पुन्हा कीर्दच होते! क्रम उलटा हवा होता: आधी खातं, मग तारीख. त्यातून अटीत आम्ही तारखेवर फंक्शन लावून वर्ष काढत होतो. इंडेक्समध्ये रचलेली असते मूळ तारीख. फंक्शनमधून निघालेलं वर्ष तिथं कुठं शोधणार? ‘१ एप्रिलपासून पुढच्या १ एप्रिलच्या आधीपर्यंत’ असं सरळ लिहिलं की वाट मोकळी होते.

तुझे सर्वांत जास्त हाल जॉइनमध्ये झाले. मासिक अहवालात ५,००० खाती व्यवहारांशी जोडायची होती. आमच्या पोस्टग्रेसमध्ये फॉरिन की घातली म्हणून त्या कॉलमवर इंडेक्स आपोआप तयार होत नाही. मायएसक्यूएलचं इनोडीबी तो करून घेतं. तिकडून आलेली माणसं इथं हमखास फसतात, मीही फसलो. शिवाय टेबलाची आकडेवारी जुनी होती. तुझी वाट ठरवणाऱ्या प्लॅनरला वाटलं, एकच खातं येईल. आली पाच हजार. एका खात्यासाठी एक फेरी, या हिशेबानं त्यानं नेस्टेड लूप निवडला आणि प्रत्येक खात्यामागे तू ४० लाख ओळी तपासत बसलीस. गुणाकार कर: दोन हजार कोटी तपासण्या. अ‍ॅनालाइझ चालवून आकडेवारी ताजी केली, तेव्हा त्यानं हॅश जॉइन घेतला आणि मोठं टेबल एकदाच वाचून काम भागलं. तिथं इंडेक्सची गरजही नव्हती, कारण बहुतेक सगळ्याच ओळी हव्या होत्या.

प्लॅनरलाही मी दोष देत नाही. एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडलं, ते काय हवं एवढंच माणसानं सांगावं आणि वाट यंत्रानं काढावी या विचारानं. आयबीएममध्ये पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली त्या वाटांचा खर्च आधीच अंदाजून स्वस्तातली निवडण्याची रीत दाखवली. अंदाज आकडेवारीवर चालतो. ती शिळी ठेवली आम्ही.

नंतर उत्साहाच्या भरात एकानं जवळजवळ प्रत्येक कॉलमवर इंडेक्स टाकले. ते मी काढायला लावले. कीर्दीत एक ओळ पडली की प्रत्येक खतावणीत ती चढवावी लागते. दहा खतावण्या म्हणजे दहा वेळा लिहिणं. पैसे भरायला आलेल्या माणसाचा वेळ त्यात जातो, हे विसरून चालत नाही.

हे पत्र वाचणाऱ्या प्रोग्रामर मित्रमैत्रिणींना माझी एवढीच विनंती आहे: नवा सर्व्हर मागण्याआधी एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ चालवा आणि प्रत्येक पायरीवर अंदाजाच्या ओळी व प्रत्यक्ष आलेल्या ओळी शेजारी ठेवून वाचा. काउंटरपाशी कुणीतरी उभं आहे.

तुझा,
एक डेटाबेस प्रोग्रामर