उपकाराची फेड कुणाकडे करायची?

मालवणहून कसालकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं कट्टा हे बाजाराचं गाव. आसपासच्या वराड, पेंडूरसारख्या गावांतल्या जुन्या चिरेबंदी घरांची चौकशी केली, तर बहुतेक घरांच्या पायाशी मुंबईतला एखादा चाकरमानी सापडतो. थोरला परळ-लालबागच्या गिरणीत साच्यावर आणि धाकटा गावात शाळेत, ही वाटणी कुणी कागदावर केलेली नव्हती. महिन्याच्या महिन्याला मनिऑर्डर यायची. फॉर्मच्या खालच्या बाजूला मजकुरासाठी चार बोटं जागा असे. खुशाली, शेताची चौकशी आणि ‘अभ्यास नीट कर’ हे सगळं त्यात बसवायचं. पोस्टमन पैसे मोजून देई आणि तो तुकडा फाडून हातावर ठेवी. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुष्कळ घरांतले हे तुकडे यायचे थांबले. तोवर कितीतरी धाकटे मास्तर नाहीतर कारकून होऊन मार्गाला लागले होते.

“दादान हाडा झिजयली म्हणान मी शिकलंय,” असं सांगणारी माणसं इकडे अजून भेटतात. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: “ह्या जल्मात फिटाचा नाय.”

फिटत नाही हे खरंच. मग त्या देण्याचं करायचं काय?

ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न दर वर्षी नव्याने पडतो. सिंधुदुर्गात कॅथलिक वस्ती जुनी आहे. झावळ्यांच्या रविवारी घरी आणलेल्या झावळ्या पुढच्या वर्षी जाळतात आणि तीच राख उपवासकाळाच्या पहिल्या बुधवारी कपाळावर लागते. गुड फ्रायडेला मिस्सा होत नाही, वेदी उघडी असते, घंटाही गप्प. काही ठिकाणी त्या दिवशी घंटेऐवजी लाकडी खुळखुळा वाजवतात. सांगायचं एवढंच असतं, की एक जण तुझ्यासाठी मेला. ऐकणाऱ्याने ते मागितलेलं नव्हतं आणि परत करण्याची सोयही नाही.

रोमकरांना लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल या न मागता मिळालेल्या कृपेबद्दल अकरा अध्याय बोलतो. बाराव्यापासून तो एकदम व्यवहारावर येतो: पाहुण्याला घरात घ्या, भुकेल्या वैऱ्याला जेवू घाला, सरकारचा कर भरा. इतक्या उंचीवरून थेट कराच्या पावतीवर येणारा हा माणूस पुष्कळ प्रवचनकारांपेक्षा जमिनीवर आहे, असं म्हणायला हरकत नाही.

बलिदानाच्या छायेत अक्षरशः जगलेला माणूस म्हणजे पोलंडचा फ्रान्सिशेक गायोव्हनिचेक. 1941 च्या जुलैअखेर ऑशविट्झच्या छळछावणीत एक कैदी बेपत्ता झाला, म्हणून दहा जणांना उपाशी ठेवून मारायचं ठरलं. त्यांत हा एक. बायकामुलांच्या आठवणीने तो रडला. मॅक्सिमिलियन कोल्बे नावाचे फ्रान्सिस्कन धर्मगुरू रांगेतून पुढे आले आणि म्हणाले, याच्या जागी मला घ्या. दोन आठवड्यांनंतरही कोल्बे जिवंत होते, म्हणून 14 ऑगस्टला त्यांना विषारी इंजेक्शन देऊन मारलं. ज्या मुलांसाठी गायोव्हनिचेक रडला होता, ते दोघे मुलगे तो घरी पोहोचण्याआधीच युद्धात गेले होते. म्हणजे ज्या कारणासाठी जीव वाचला, ते कारणच अर्धं उरलं नव्हतं. तरी तो 1995 पर्यंत, वयाची 93 वर्षं जगला आणि कोल्बेंची हकीकत सांगत फिरला. 1982 मध्ये रोमला कोल्बेंना संतपद दिलं गेलं, त्या सोहळ्यालाही तो हजर होता. कोल्बेंना परत देण्यासारखं त्याच्यापाशी काहीच नव्हतं. होती ती साक्ष, आणि तीही ऐकायची होती इतरांनी.

मराठीत मात्र या विषयाचं मोठं उदाहरण घरातलंच आहे आणि ते जास्त गुंतागुंतीचं आहे. नारायण वामन टिळक कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना ख्रिस्ताच्या बलिदानाने जिंकलं, पण त्याची पहिली किंमत मोजली त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, पदरात लहान मुलगा, नातेवाइकांच्या घरी दिवस काढायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची कीव सोसायची. काही वर्षांनी दोघं पुन्हा एकत्र आली, तेव्हाही लक्ष्मीबाईंनी आपलं सोवळं सोडलं नव्हतं आणि टिळकांनी सक्ती केली नाही. जात माणसानेच केली, हे लक्ष्मीबाईंचं लक्ष्मीबाईंना पटलं, मग सोवळं सुटलं. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो नवऱ्याच्या मागून फरपटत नव्हे.

‘स्मृतिचित्रे’ हे लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र वाचताना चकित व्हायला होतं ते याने, की इतकं सोसलेल्या बाईने हिशेबाची वही उघडलेलीच नाही. टिळकांचा विसरभोळेपणा, रागाचे झटके, घरात कुणालाही आणून ठेवण्याची खोड, सगळं हसत सांगितलं आहे. ‘मी तुमच्यासाठी काय काय सोसलं’ हे वाक्य आपल्या घरांतून किती सहज ऐकू येतं! त्याग करणाऱ्यानेच तो दर सणाला काढून दाखवला, की घेणाऱ्याच्या गळ्यात धोंडा पडतो आणि कृतज्ञतेचा जीव जातो.

9 मे 1919 ला टिळक गेले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं महाकाव्य दहा-साडेदहा अध्यायांवर थांबलं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरं शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यात 64 अध्यायांची भर घातली. टिळकांचं देणं फेडायचं असतं, तर एक बरीशी समाधी पुरली असती. ती अक्षरं ज्यांच्यासाठी कामी यायची होती, त्या वाचकांसाठी त्या म्हातारपणापर्यंत लिहीत बसल्या. 1936 मध्ये त्याही गेल्या. काव्य म्हणून ‘ख्रिस्तायन’ कुठे ढिलं पडतं, हे समीक्षकांनी खुशाल सांगावं. ख्रिस्ती कृतज्ञता कशी जगतात हे बघायचं, तर या 64 अध्यायांच्या चिकाटीकडे बघावं.

उपकाराची फेड अशी पुढच्यांकडे करणं कट्ट्याच्या माणसाला नवं नाही. वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै बेळगावात सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना श्रद्धांजली वाहणाऱ्या सभेत बोलले आणि 18 जानेवारी 1971 ला, वयाच्या 48 व्या वर्षी, तिथेच गेले. ते काही ख्रिस्ती धर्माचे नव्हते. पण त्यांच्या नावाने मालवणात आणि कट्ट्याला उभी राहिली ती सेवांगण ही संस्था, म्हणजे चालतं काम. चौकात पुतळा बसवून वर्षातून एकदा हार घालणं त्यापेक्षा केव्हाही सोपं होतं.

गिरणीतल्या दादापुढे पैशांचं पाकीट ठेवून बघा. तो हात मागे घेईल आणि कुठल्यातरी पुतण्याचं नाव सांगेल. म्हणून यंदाच्या उपवासकाळात जे काही बाजूला टाकाल, ते गावच्या शाळेतल्या वर्गशिक्षकांकडे घेऊन जा. एखाद्या पोराची वह्या-पुस्तकं राहिलेली असतातच. पोराचं नाव विचारू नका आणि आपलंही सांगू नका.