शिखराखालची वस्ती

आल्बर्ट बिअरस्टॅटच्या ‘द रॉकी माउंटन्स, लँडर्स पीक’ या १८६३च्या चित्रावर जुना आक्षेप असा की, वायोमिंगच्या विंड रिव्हर डोंगररांगेत हे दृश्य असं कुठेच दिसत नाही. आक्षेप खरा आहे, पण मला तो गौण वाटतो. १८५९ साली बिअरस्टॅट फ्रेडरिक लँडरच्या रस्ता-पाहणी तुकडीबरोबर तिकडे गेला, रेखाटनं घेऊन न्यूयॉर्कला परतला आणि सुमारे सहा फूट उंच, दहा फूट रुंद कॅनव्हासवर त्याने ठिकठिकाणी पाहिलेलं एकत्र मांडलं. डुसेलडॉर्फला शिकलेल्या चित्रकाराची रीतच ती. त्याने हिमशिखर चढवून रंगवलं म्हणून कुणाचं काही बिघडलं नाही.

तपासायला हवा तो चित्राचा खालचा भाग. ऊन मधल्या धबधब्यावर पडलंय आणि अलीकडे, सावलीत, शोशोनी लोकांची वस्ती आहे: तंबू, घोडे, मारून आणलेली जनावरं, आपापल्या कामात गुंतलेली माणसं. इथे कमालीची शांतता आहे, आणि खोटी आहे ती हीच. त्याच १८६३च्या जानेवारीत, आजच्या आयडाहोत बेअर नदीकाठी, याच जमातीच्या दुसऱ्या शाखेतल्या शेकडो बायका-मुलं-पुरुषांना अमेरिकी सैन्याने ठार केलं होतं. कुणी म्हणेल, चित्रकाराने १८५९ साली पाहिलेलं रंगवलं, पुढच्या कत्तलीचा जाब त्याला का? कत्तलीचा जाब मीही मागत नाही. पण त्या प्रवासातल्या पत्रातच त्याने लिहिलं होतं की, हे लोक झपाट्याने नाहीसे होताहेत, तेव्हा त्यांना रंगवायची वेळ हीच. चित्रासोबतच्या पत्रकात तर आशा होती की, या वस्तीच्याच जागी उद्या ‘आपल्या’ वंशजांचं शहर उभं राहील आणि तिथल्या कलादालनात हे चित्र लागेल. म्हणजे ही शांतता अजाणतेपणी आलेली नाही. जागा रिकामी होणार हे गृहीत धरूनच ती रंगवली आहे. १८६५ साली हे चित्र पंचवीस हजार डॉलरना घेतलं ते जेम्स मॅकहेन्री या रेल्वे-भांडवलदाराने. तंबू-पेहरावाचे तपशील इतक्या बारकाईने टिपले, हा आदरच नव्हे का, असंही विचारता येईल. तपशील मोलाचे आहेत खरे, पण ज्यांचा शेवट ठरवून टाकलाय त्यांची ही नोंद आहे. तिला आदर म्हणायला मी तयार नाही.

चित्र १९०७ पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. शोशोनी नाहीसे झाले नाहीत. १८६८च्या करारानंतर बराचसा मुलूख त्यांच्या हातून गेला, तरी विंड रिव्हरच्या राखीव प्रदेशात ते आजही राहतात.